चौथीच्या वर्गातल्या म्हशी

बीडला कुणी हौसेने फिरायला जात नाही. मी गेले. तेही दुष्काळाच्या साली, भर उन्हाळ्यात, डोळ्याचं ऑपरेशन ताजं असताना. परत आल्यापासून वाडीतल्या बायका एकच विचारतात, तिकडे बघण्यासारखं आहे तरी काय? एकेकीला सांगून घसा बसला, म्हणून लिहून टाकते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर बरं आहे, बाकीचं सांभाळून घ्या. सांभाळायचं नसेल तर वाचू नका.

पुणे ते कडा

मुग्धा ही माझ्या लेकीची लेक. पुण्यात एका कंपनीत आहे. कंपनी काही बनवत नाही, काही विकत नाही, सरकारला सल्ला देते. कुठल्या भागात कोणता उद्योग लावावा, कुठला माल बाहेर खपेल, बाहेरचा कुठला माल आत आला की इथल्यांचं कंबरडं मोडेल, असं सगळं. सल्ल्याचे पैसे मिळतात हे मला आधी खरंच वाटेना. मी जन्मभर फुकट दिला, आणि तोही कुणी घेतला नाही.

या खेपेचं काम खव्याचं होतं. पाणी कमी असलेल्या भागात सरकार एक केंद्र उभारणार होतं. वाफेवर चालणारी मोठी भट्टी आणि शेजारी थंड खोली. मुग्धाने गाडीत मला समजावलं की परदेशातून दुधाची भुकटी स्वस्तात आली की इथल्या दुधाचा भाव पडतो, पण खव्याचं तसं होत नाही. फक्त खवा टिकत नाही. दोन दिवसांत आंबणार हे व्यापाऱ्याला माहीत असतं, म्हणून तो म्हणेल तो भाव. थंड खोली असली तर खवा सणापर्यंत थांबू शकतो, आणि थांबता येणाऱ्या माणसाला भाव मिळतो. एवढं मला चौथीवर कळलं.

केंद्र एकच होतं आणि जागा दोन. एक आष्टीकडच्या एका गावातली बायकांची सहकारी संस्था, दुसरी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका बड्या माणसाची डेअरी. अट एकच, दुष्काळातही दूध निघालं पाहिजे, नाहीतर भट्टी गंजून जाईल. मुग्धाच्या मनात बायकांची संस्था होती. पण मनातलं अहवालात लिहिता येत नाही, डोळ्यांनी बघितलेलं लिहावं लागतं. म्हणून ही फेरी.

तिच्याबरोबर जाणारी मुलगी काविळीने पडली. मुग्धाची आई तिला एकटी सोडेना. मी ऑपरेशनसाठी आलेली, फ्लॅटमध्ये बसून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे बघत होते. मी म्हटलं, मी जाते. सगळे नाही म्हणाले. मी पिशवी भरली.

नगर सोडलं आणि मला वेडच लागायची पाळी आली. नवा डोळा आणि समोर हा देश. आपल्याकडे पुढच्या फणसापलीकडचं दिसत नाही. इथे अडवायला काहीच नाही. लांब माळावर माणूस दिसला तर तो आपल्याजवळ येईपर्यंत सुपारी कातरून, विडा लावून, चावून होईल. डोंगर कापल्यासारखे सपाट डोक्याचे. बाभळीचं एकेक पान वेगळं दिसत होतं. मी मोठ्याने सांगत सुटले, ती बघ शेळी, ती बघ विहीर, तो बघ म्हातारा धोतर झटकतोय. मुग्धा म्हणाली, आजी, तू दारू प्यायल्यासारखी बोलतेस. ड्रायव्हर लतीफभाई हसले. ते मूळचे बीडकडचे. म्हणाले, "बोलू द्या ताई. आमच्या मुलखाला इतकं कवतिकानं कुनी बगत न्हाई."

आष्टीच्या अलीकडे कडा गावी चहा आणि भजी घेतली. भज्यांबरोबर तळलेली मिरची देतात. मी आपल्याकडची समजून अख्खी तोंडात टाकली. दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं, नव्यातूनही आणि जुन्यातूनही. हॉटेलवाल्याने तांब्या भरून पाणी दिलं. मी अर्धं पिऊन उरलेलं रस्त्यावर ओतणार, तेवढ्यात त्याने हात धरला. तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी दारातल्या कोंबड्यांच्या परातीत ओतलं. मला लाज वाटली असं म्हणणार नाही, पण पुढे सगळीकडे मी तांब्या रिकामा करूनच ठेवला.

आष्टी

आष्टीला लॉजवर मुक्काम. मालकाने दोघींत एक बादली दिली आणि ती सोन्याची असल्यासारखी दोन्ही हातांनी खाली ठेवली. आपल्याकडे पावसाळ्यात पाणी घरात शिरतं ते आम्ही शिव्या देत बाहेर काढतो, हे मी त्याला सांगितलं. त्याला ते खोटं वाटलं असावं.

जेवण मात्र राजाचं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि येसर म्हणून भाजलेल्या डाळींच्या पिठाची आमटी. मासळीवाचून मी चार दिवस काढीन असं मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. खानावळवाली म्हणाली, हुलगे (आपले कुळीथ), बाजरी, येसर, हे सगळं पाणी कमी पिणारं आहे, आमच्यासारखंच. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि मुग्धाने माझ्या गोळ्या काढल्या.

ते गाव

गावाचं नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेल.

गावात पोचलो तर वेशीतच एक बैल बांधलेला. असा बैल मी जन्मात बघितला नव्हता. बरगड्या मोजून घ्याव्यात, माकडहाडावर पंचा वाळत घालावा. त्याच्यापुढे वाळलेल्या कपाशीची काटकं ढिगाने मांडलेली. पुढे कोरड्या विहिरीभोवती बायका रिकाम्या घागरी घेऊन रांगेत बसलेल्या, डोक्यावर पदर, माना खाली. शाळेच्या पटांगणात मांडव, चार खुर्च्या, आणि उन्हात उभे राहिलेले नाना.

नाना म्हणजे सरपंच. सत्तरीचे, पांढरी टोपी, आवाज भरून आलेला. त्यांच्याबरोबर तालुक्याच्या कचेरीतले एक भाऊसाहेब, मोटारसायकलवरून आलेले. त्यांनीच आदल्या दिवशी फोन केला होता की पुण्याहून माणसं येतायत. आमच्या गळ्यात झेंडूचे हार पडले, शाली पडल्या. दुष्काळात झेंडू कुठून आणला, असं मला विचारायचं होतं, पण मुग्धाने चिमटा काढला.

मग सांगणं सुरू झालं. पाऊस नाही, चारा नाही, माणसं ऊसतोडीला गेली, जनावरं छावणीत गेली. मुग्धाने हळूच विचारलं, दूध किती होतं. नाना म्हणाले, "दूद? ताई, च्याला न्हाई दूद." आणि लगेच सगळ्यांना बिनदुधाचा काळा चहा आला, गुळाचा. खव्याच्या संस्थेच्या अध्यक्ष सुभद्राबाई कुठे आहेत, तर त्या लेकीकडे गेल्यात. कढया कुठे आहेत, तर त्या मोडीत घातल्या.

मुग्धाचं तोंड उतरत चाललं. ती काय लिहीत होती ते मला माहीत होतं. दूध नाही, खवा नाही, संस्था नावाला. म्हणजे भट्टी त्या बड्या डेअरीवाल्याकडे. ती कशाला आली आहे हे तिने अजून सांगितलं नव्हतं. त्यांच्या कामाचा नियमच तसा. आधी सांगितलं तर लोक आपल्याला हवं ते ऐकवतात, म्हणून आधी सगळं विचारायचं, बघायचं, आणि मग शेवटी सांगायचं.

मला तोवर लघवीला लागली. एक बाई उठून मला गावाबाहेर घेऊन निघाली. शाळेमागे चांगली सावली दिसत होती, तर ही मला उन्हातून काट्यांकडे ओढते. म्हणाली, "तिकडं नगा मावशी, तिकडं साप हाय." मी सापांच्या गावची. सावलीकडे वळले.

शाळेच्या मागच्या खिडकीशी गेले आणि आतून म्हैस ओरडली.

खिडकीतून बघितलं. फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेलं, इयत्ता चौथी. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत म्हशी. काळ्याभोर, तुकतुकीत, अंगाला हात लावला तर घसरावा अशा. उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, चघळत उभ्या. फळ्यावर पाढे, आणि पाढ्यांखाली एक म्हैस अशी मन लावून बघत होती की मला वाटलं पुढच्या वर्षी पाचवीत जाते ही. तिसरीत म्हशी, दुसरीत म्हशी, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत एकच, नुकती व्यालेली, रेडकासह. मला हसू आलं ते थांबेना. मी भिंतीला धरून हसले. बरोबरची बाई रडवेली झाली आणि पळाली.

पुढे पोरांच्या खिचडीची खोली. तिथून धूर येत होता. आत मोठ्या कढईवर वाकून एक बाई लांब दांड्याच्या उलथन्याने दूध हलवत होती. घामाने भिजलेली, पदर कमरेला, पन्नाशीची. लेकीकडे गेलेल्या सुभद्राबाई.

तिने मान वळवली, हात थांबवला नाही. खवा हलवताना हात थांबला की खाली लागतो.

"कोन?"

"गाडीतली म्हातारी."

"बगितलं का सगळं?"

"बघितलं."

"मंग सांगा जाऊन. तुमचं कामच हाय ते."

"माझं काम लघवीला जायचं होतं," मी म्हटलं. "ते अजून राहिलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग फुटलीच. आम्ही दोघी तिथे धुरात उभ्या राहून हसलो. ती एका हाताने कढई हलवत, दुसऱ्याने डोळे पुसत. तिने पळसाच्या पानावर गरम खवा काढून दिला. बायांनो, काय सांगू. आपण पेढ्यातला खातो तो खवा नव्हे. कडेला थोडा लाल, दाणेदार, साखर नसून गोड. मी पान चाटलं. लाज सोडून दुसरं मागितलं.

मग कळलं ते असं. दुष्काळात पांढरी गाडी आली की ती दुष्काळ बघायला आलेली असते, दुसऱ्या कशाला येतच नाही. आणि दुष्काळ बघणाऱ्याला गोठ्यात एक जरी धडधाकट म्हैस दिसली, तर तो लिहून जातो की इथे बरं आहे. मग टँकरच्या खेपा कमी होतात, चारा कमी होतो. म्हणून गाव तयार असतं. तो बैलसुद्धा या गावचा नव्हता. शेजारच्या गावात एका म्हाताऱ्याने हौसेने सांभाळलेला आहे. त्याला रोग नाही, उपास नाही, फक्त वय झालंय. गाडी यायची असली की त्याला टेम्पोत घालून त्या त्या गावी नेतात, आणि काम झालं की गूळ खाऊ घालून परत सोडतात.

दुष्काळ खोटा होता असं कुणी समजू नये. विहीर खरीच कोरडी होती. घागरी खऱ्याच रिकाम्या होत्या. वाढं पाठवणारी माणसं खरीच घर सोडून ऊस तोडत होती. फक्त त्या दुष्काळात बायकांनी म्हशी जगवल्या होत्या, आणि ते लपवायचं होतं.

मी म्हटलं, सुभद्राबाई, ती मुलगी दुष्काळ बघायला आलेली नाही. ती दूध बघायला आली आहे. भट्टी द्यायची की नाही ते बघायला.

तिचा हात थांबला. पहिल्यांदा.

"कंची भट्टी? आमी अर्ज केलता ती?"

"तीच."

"मंग आल्या आल्या बोलली कावून न्हाई?"

"बोलायचं नाही असा त्यांचा नियम आहे."

"अन् म्हशी दाखवायच्या न्हाईत असा आमचा," ती म्हणाली, आणि कढईला खाली लागायला लागलं तशी परत हलवायला लागली.

मांडवात भाऊसाहेब बसलेले होते. म्हशी बाहेर काढल्या तर टँकर जाईल, नाही काढल्या तर भट्टी जाईल. हे तिला मी सांगायची गरज नव्हती. मी सल्ला दिला नाही. पाणी तिच्या गावचं जाणार होतं, माझं नव्हे.

शेवटी तिने विचारलं, "ती पोर लिवंल का खरं?"

"खोटं लिहिता येत नाही तिला. बोलताही येत नाही. लग्न त्यामुळेच अडलंय."

सुभद्राबाईने कढई खाली उतरवली. तिने मला माझ्या कामाला मोकळं केलं, आणि ती वर्गांच्या कड्या काढत गेली.

मी परत आले तोवर ती मांडवात पोचली होती. कढई दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून मुग्धाच्या पायाशी ठेवलेली. नाना उभे राहिले होते. म्हणाले, सुभद्रे, घरला जा. ती म्हणाली, नाना, तुमी बसा. गावाच्या सरपंचाला बायकांदेखत बस म्हणणारी बाई मी आमच्याकडेही बघितली नाही. नाना बसले.

"ताई," ती मुग्धाला म्हणाली, "ह्यो आजचा खवा. रोज व्हतो. दुष्काळ बी खरा हाय अन् दूद बी खरं हाय. दोनी लिवा."

त्याच वेळी लांबून टँकरचा हॉर्न वाजला. म्हशींना तो हॉर्न घड्याळासारखा पाठ. चौथी सुटली, मागून तिसरी सुटली, आणि सगळ्या शाळेच्या व्हरांड्यातून रीतसर, एकामागून एक, मांडवात आल्या. मांडवाचा एक खांब गेला. माझ्या गळ्यातला हार एकीने माझ्या गळ्यातच खाल्ला. विहिरीवरच्या बायका माना खाली घालायचं विसरून लोळून हसत होत्या. लतीफभाईंनी गाडीच्या काचा वर केल्या. मुग्धाने त्यांना विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं? ते म्हणाले, मला कुनी इचारलं न्हाई.

मी भाऊसाहेबांकडे बघत होते. ते उठले. आपली खुर्ची उचलली, म्हशींकडे पाठ करून मांडली, आणि बसून म्हणाले, "मला एक च्या द्या. दुदाचा."

त्या दुपारी मुग्धाने घरोघर जाऊन दूध मोजलं, खव्याच्या चुली बघितल्या, व्यापारी कसा अडवतो ते ऐकलं. मी विहिरीच्या काठावर बायकांत बसले. त्यांनी माझी शाल बघून विचारलं की तुमच्याकडं दुष्काळ न्हाई तर पाहुण्यांना काय दाखवता. मी म्हटलं, समुद्र. तो लपवायला कुठली शाळा पुरणार. त्यांना हे इतकं आवडलं की ते त्यांनी नानांना जाऊन सांगितलं. नाना अजून रुसलेले होते. तरीही निघताना त्यांनी मला शेरभर खवा बांधून दिला आणि म्हणाले, "मावशी, तुमी परत नगा येऊ." मी म्हटलं, बघते.

पाली

दुसऱ्या दिवशी बीडला मुग्धाची बैठक होती. जाताना बीडच्या अलीकडे पालीला धरणावर थांबलो. पाणी नव्हतं. धरणाच्या पोटात मेंढ्या चरत होत्या आणि मेंढपाळ जिथे माणूस बुडावा तिथे कांबळं टाकून झोपला होता. भिंतीवर पाण्याच्या जुन्या रेघा होत्या, एकाखाली एक. मुग्धा त्या बघत होती.

ती म्हणाली, आजी, मी दूध आहे असं लिहिलं आणि टँकर कमी झाला तर ते माझ्यावर. मी म्हटलं, तुझ्यावर कशाला, तिने कढई स्वतः आणून ठेवली. ती म्हणाली, आमच्या कामात एक फायल आहे त्यात नडलेली गावं, दुसरीत चालती गावं. नडलेल्यांना मदत मिळते, चालत्यांना कारखाना. दोन्हीत एक गाव बसत नाही. मी म्हटलं, मग फायल मोठी करा. तिला राग आला. पण बैठक आटपून परतताना गाडीत बसल्या बसल्या लिहीत होती, आणि तिने दोन्ही लिहिलं. टँकर चालू राहिला तरच म्हशी जगतील आणि म्हशी जगल्या तरच भट्टी चालेल, असं तिने लिहिलं. मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, हे सुभद्राबाईने दोन ओळींत सांगितलं होतं. त्यावर ती रुसली, ती पार नगरपर्यंत.

मी खवा खात होते. मला काही वाटलं नाही.

घरी

इथे येऊन पाऊस सुरू झाला, लाद्या घसरड्या झाल्या, आणि मी सगळं विसरायच्या बेतात होते, तेव्हा सुभद्राबाईचा फोन आला. नंबर मुग्धाने दिला असणार.

मी विचारलं, भट्टी?

मिळाली, ती म्हणाली. थंड खोली अजून कागदावर आहे, पण भट्टी आली, शाळेशेजारीच बसवली. टँकर? टँकरची एक खेप गेली. भाऊसाहेब काही बोलले नव्हते, पण गावात झालेली गोष्ट गावात थोडीच राहते, वरपर्यंत गेली. मुग्धाने लिहिलेलं ज्यांनी वाचलं त्यांनी भट्टी दिली, ज्यांनी वाचलं नाही त्यांनी खेप कापली.

मी म्हटलं, मग बायका काय म्हणाल्या?

"शिव्या दिल्या मला. पानी भरायला जायच्या त्या माझ्या दारावरून शिव्या देत जायच्या."

"आणि आता?"

"आता बी देत्यात," ती म्हणाली. मागे उलथन्यांचा आवाज येत होता, बऱ्याच उलथन्यांचा. "पन भट्टीपाशी बसून देत्यात."